रॅपिड अँटिजेन चाचणी (कोविड-१९)

रॅपिड अँटिजेन चाचणी ही शरीरातील विषाणूची प्रथिने (प्रतिजन) थेट शोधणारी चाचणी आहे. कोविड-१९ च्या चाचणीत नाकातील स्रावाचा नमुना द्रावणात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर टाकतात. पट्टीवरील प्रतिद्रव्यांना विषाणूचे प्रथिन चिकटले की ‘टी’ खुणेपाशी रेघ उमटते. ‘सी’ खुणेपाशी रेघ न उमटल्यास चाचणी अवैध ठरते. रक्तातील प्रतिद्रव्ये शोधणारी रॅपिड अँटिबॉडी चाचणी वेगळी आहे. २०२० मध्ये या दोहोंची अनेकदा गल्लत झाली.

भारतातील मान्यता

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १४ जून २०२० रोजी एसडी बायोसेन्सर कंपनीच्या ‘स्टँडर्ड क्यू’ संचाच्या वापरास मुभा दिली. आयसीएमआर आणि दिल्लीतील एम्स यांच्या मूल्यमापनांत त्याची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, तर संवेदनशीलता अवघी ५०.६ ते ८४ टक्के आढळली. रुग्णाच्या शरीरातील विषाणूंच्या प्रमाणानुसार ती बदलत होती. निकाल १५ ते ३० मिनिटांतच वाचायचा होता.

पुढे आयसीएमआरने जागेवरच करावयाच्या चाचण्यांसाठी किमान ५० टक्के संवेदनशीलता व ९५ टक्के विशिष्टता हा निकष ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष अनुक्रमे ८० आणि ९७ टक्के होता. म्हणजे भारतात निम्मे बाधित निसटू देणारा संचही मान्यतेस पात्र ठरू शकत होता. आरटी-पीसीआरची सोय नसलेल्या ठिकाणी तातडीने निदान व्हावे, हा त्यामागील विचार होता. मात्र ही सवलत एका अटीवरच सुरक्षित होती: लक्षणे असूनही चाचणी नकारार्थी आल्यास आरटी-पीसीआर करणे.

ही अट सर्वत्र पाळली गेली नाही. काही मोठ्या राज्यांत अशा रुग्णांची फेरतपासणी होत नसल्याचे आढळल्याने केंद्रीय आरोग्य मंत्रालय व आयसीएमआर यांनी १० सप्टेंबर २०२० रोजी राज्यांना संयुक्त पत्र पाठवून ती सक्तीची असल्याचे बजावले. फेरतपासणीविना नकारार्थी निकाल मिळालेला बाधित मनुष्य निर्धास्तपणे घरी व कामावर वावरण्याचा धोका होता.

निकालाचा अर्थ

सकारात्मक निकाल पक्का मानावा, असे आयसीएमआरचे धोरण होते. साथ ऐन भरात असताना ते बहुतांशी योग्य ठरते. संसर्ग विरळ असताना गणित पालटते. समजा, १,००० जणांत १० बाधित आहेत आणि चाचणीची संवेदनशीलता ५० टक्के व विशिष्टता ९९ टक्के आहे. अशा वेळी ५ बाधित सापडतील, पण निरोगी ९९० पैकी सुमारे १० जणही बाधित ठरतील.

घरगुती चाचणी

पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ या संचाद्वारे घरी चाचणी करण्याविषयीच्या सूचना आयसीएमआरने १९ मे २०२१ रोजी प्रसिद्ध केल्या. लक्षणे असलेल्या किंवा निश्चित रुग्णाच्या निकट संपर्कात आलेल्या व्यक्तींपुरतीच ही मुभा होती. सरसकट चाचणी करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. वापरकर्त्याने पट्टीचे छायाचित्र मोबाइल ॲपवर पाठवणे अपेक्षित होते.