ओडिनचे 300 गुण आणि पंचाची अडचण

1976 साली अमेरिकेत 'गॉड्स, डेमीगॉड्स अँड हीरोज' ही छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाखेळाची ती पुरवणी. तीत नॉर्स देवांचा अधिपती ओडिन याला 300 'हिट पॉइंट्स', म्हणजे घाव सोसण्याचे बळ, बहाल केले होते. प्रस्तावनेत टिम कास्क यांचा वैताग उघड दिसतो. चाळिसाव्या पातळीपलीकडे गेलेली पात्रे किती हास्यास्पद आहेत, हे देवांचे आकडे पाहून तरी खेळाडूंना उमजावे, अशी त्यांची अपेक्षा होती. पण देवाला एकदा आकडा दिला की तो मारताही येतो, हे त्याच पुस्तिकेने सांगून टाकले!

मंडळी, हा खेळ तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. तरीही बलाढ्य वीरांसमोर तोडीस तोड शत्रू कसा उभा करावा, हा पेच त्याला पडलाच. त्यामागचा वाद मात्र दीडशे वर्षे जुना आहे, आणि त्यासाठी प्रशियात जावे लागते.

1824 साली तरुण लष्करी अधिकारी राइसवित्झ याने वडिलांच्या युद्धखेळाला नवे रूप देऊन 'क्रीगश्पील'चे नियम छापले. 1:8000 प्रमाणाचा नकाशा, एक डाव म्हणजे लढाईची दोन मिनिटे, आणि दोन्ही पक्षांच्या मधोमध एक पंच. पंचाने फासे टाकायचे, कोष्टके पाहायची, हानी मोजायची. पुढे कोष्टके इतकी फुगली की पंच हिशेबातच बुडू लागला. 1873 मध्ये मेकेल या अधिकाऱ्याने त्यावर कडक टीका केली, तर 1876 मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नवा यांनी कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा, असे सुचवले. नियम श्रेष्ठ की पंचाचे तारतम्य, हा वाद तिथे स्पष्ट मांडला गेला.

पंचाची ही कल्पना अमेरिकन अधिकारी टॉटन यांच्या 1880 च्या 'स्ट्रॅटेगोस' या ग्रंथातून डेव्हिड वेस्ली यांच्या हाती लागली. त्यांच्या 1969 च्या 'ब्राउनश्टाइन' खेळातून ती डेव्ह आर्नेसन यांच्याकडे आली. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हा पंचाचा सूत्रधार झाला.

आरंभीच्या खेळात तोल राखण्याचे निम्मे काम खेळाडूंच्या पायांवर सोपवलेले असे. तळघराचा मजला जितका खोल, तितका धोका मोठा. किती खोल उतरायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पळून जाणे हाही रीतसर डाव होता. माझ्या मते ही रीत आजच्या कित्येक सूत्रांहून शहाणपणाची होती.

2000 साली तिसऱ्या आवृत्तीने 'चॅलेंज रेटिंग' हा आकडा आणला. समान पातळीच्या शत्रूशी गाठ पडली, तर चार वीरांच्या चमूची सुमारे 20 टक्के साधनसामग्री खर्ची पडावी, असा अंदाज. खालच्या पातळ्यांवर हे गणित बऱ्यापैकी जमते. वर मात्र ते ढासळते, आणि त्याची कारणे साधी आहेत. एकट्या ड्रॅगनची पाळी एकदा येते, तेवढ्यात चार वीरांच्या चार पाळ्या होतात. शिवाय उच्च पातळीच्या जादूगाराचा मंत्र शत्रूचे बळ थोडे थोडे झिजवत बसत नाही. बचावाचा एकच फासा चुकला की शत्रू दगड होतो किंवा दुसऱ्या लोकात फेकला जातो. मग त्याच्या 300 गुणांना काय अर्थ उरला?

2014 च्या पाचव्या आवृत्तीने यावर थेट इलाज केला. तीत बड्या शत्रूंना इतरांच्या पाळ्यांनंतर करायच्या जादा, 'लेजेंडरी', कृती मिळाल्या. त्यांतल्या अनेकांना दिवसातून तीनदा फसलेला बचाव यशस्वी ठरवण्याची मुभाही मिळाली. खरे तर ही मंत्रांविरुद्धची ढालच. पहिले तीन मंत्र वाया जाणार हे जाणून जादूगार खेळू लागले. शत्रूंची संख्या वाढली की धोक्याचा आकडा गुणकाने वाढवायचा, असेही एक कोष्टक त्याच वर्षीच्या सूत्रधाराच्या मार्गदर्शिकेत होते. 2024 च्या सुधारित मार्गदर्शिकेतून ते गुणक काढून टाकण्यात आले.