आडनावांचे पाठभेद आणि कुळाचा शोध

घराण्याची वंशावळ तयार करू पाहणाऱ्यास पहिला अडथळा येतो तो बहुधा स्वतःच्याच आडनावाचा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक रूप, जमिनीच्या उताऱ्यावर दुसरे आणि पणजोबांच्या मोडी कागदांत तिसरेच, असे अनेकदा घडते. यांपैकी शुद्ध रूप कोणते, हा प्रश्न साहजिक असला तरी संशोधनात तो गौण ठरतो. या तिन्ही नोंदी एकाच घराण्याच्या आहेत काय, हा खरा प्रश्न होय.

भेद कशामुळे?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतील पुष्कळसा व्यवहार मोडी लिपीत होत असे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा आखून मग शब्द न तोडता सलग लिहिण्याची पद्धत होती. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही सहसा पाळला जात नसे. त्यामुळे मोडीतील एकच आडनाव दोन वाचकांनी देवनागरीत दोन प्रकारे उतरविणे शक्य असते. दुसरे कारण शुद्धलेखनाचे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द झाले आणि 'भोंसले' हे छापील रूप मागे पडून 'भोसले' रूढ झाले. घराणे तेच राहिले.

इंग्रजी कागदपत्रांनी या गोंधळात भर घातली. शिंद्यांचे 'सिंदिया' झाले, ते ग्वाल्हेरच्या राजघराण्यात आजही टिकून आहे. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांचा भेद उरत नाही. 'काळे' आणि 'काले' तेथे एकसारखेच दिसतात.

पदाचे आडनाव

काही वेळा अक्षर नव्हे, आडनावच बदलते. पेशव्यांचे मूळ आडनाव भट. श्रीवर्धनच्या या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले आणि पुढे पदच घराण्याचे नाव बनले. नाना फडणवीस यांचे कुळ भानू. फडणिशी हे त्यांचे पद. त्या पदापासून आलेले आडनाव आज 'फडणीस' आणि 'फडणवीस' असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासग्रंथात ते 'फर्नवीस' असे वाचावे लागते.

याची उलट बाजू अधिक फसवी आहे. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनांवरून आलेली नावे असल्याने निरनिराळ्या कुळांनी ती स्वतंत्रपणे धारण केली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, आडनावे मात्र राहिली. दोन कुलकर्णी घराण्यांत नाते असेलच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

शोध कसा घ्यावा?

पुण्यातील अभ्यासकास साधनांची वाण नाही. पेशवे दप्तर जतन करणारे पुणे पुरालेखागार आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ शहरातच आहेत. अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत प्रसिद्ध केले आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे आढळतात.

कोणतीही नोंद उतरवून घेताना आडनाव मूळ कागदात जसे असेल तसेच लिहावे. ते 'सुधारू' नये. सोबत कागदाचा प्रकार, साल आणि गाव नोंदवावे. आडनावाच्या सर्व संभाव्य रूपांची यादी आधीच करून प्रत्येक सूचीत ती सारी रूपे तपासावीत. जुन्या कागदांत कित्येकदा आडनावच नसते. तेथे 'बिन' वा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी, एवढ्यावरच ओळख पटवावी लागते. विवाहानंतर स्त्रीचे नाव व आडनाव दोन्ही बदलत असल्याने माहेरची नोंद स्वतंत्रपणे शोधावी.

आडनाव डळमळीत असले तरी मूळ गाव, कुलदैवत, गोत्र वा देवक, वडील-आजोबांची नावे आणि जमिनीचा तुकडा हे आधार तुलनेने स्थिर असतात. यांपैकी किमान दोन आधार परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या कागदांत जुळले, तरच दोन नोंदी एका घराण्याच्या मानणे इष्ट. केवळ आडनावाच्या साम्यावर वंशावळ जोडल्यास दुसऱ्याचे पूर्वज आपल्या घरात येतात. केवळ अक्षरभेदामुळे नोंद टाकून दिल्यास आपलेच पूर्वज हरवतात.

हा विषय निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. मराठा समाजातील कुणबी नोंदींच्या तपासासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मोडी कागद वाचू शकणाऱ्यांची निकड राज्यभर जाणवली. जुनी नोंद सापडली तरी ती आपल्याच पूर्वजाची आहे, हे अर्जदारास वंशावळीने दाखवावे लागते. वारसाहक्काच्या प्रकरणांतही तोच प्रश्न उभा राहतो. अशा वेळी आडनावाची दोन रूपे एकाच कुळाची कशी, हे कागदोपत्री मांडता येणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांची माहिती आणि ट्रंकेतील जीर्ण कागद वेळीच नोंदवून ठेवणे, हीच पहिली पायरी होय.