प्रशांत किनाऱ्यावरची फुटलेली परिषद

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा परिषदा मुळात शेजारावर उभ्या राहिल्या. १९१५ साली प्रशांत किनाऱ्यावरील चार विद्यापीठांनी एक परिषद स्थापली. तिच्याच परंपरेतल्या पॅक-१२ मधून २०२४ मध्ये दहा सदस्य बाहेर पडले. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट तेवढी मागे राहिली. दोष केवळ लोभी कारभाऱ्यांना देणे सोपे आहे, पण माझ्या मते खरे वळण १९८४चे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली. हक्क विद्यापीठांच्या आणि परिषदांच्या हाती आले, आणि नव्या सदस्याचे मोल तो किती जवळ आहे यापेक्षा किती प्रेक्षक आणतो यावर ठरू लागले.

कोणी म्हणेल, फाटाफूट जुनीच. खेळाडूंना छुपे पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर १९५९ मध्येही परिषद विसर्जित झाली होती. खरे आहे, पण तेव्हाचे बहुतेक सदस्य काही वर्षांत त्याच किनाऱ्यावर पुन्हा एकत्र आले. आज स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत खेळते. फुटबॉलच्या पैशावर इतर खेळ जगतात, हा युक्तिवाद वजनदार आहे. मात्र सामन्यांसाठी खंड ओलांडण्याची पाळी याच खेळांतल्या विद्यार्थ्यांवरही येते, आणि वर्ग त्यांचे बुडतात.