पाडलेले स्थानक, उरलेले दार : बर्लिनचे आनहाल्टर स्थानक

बर्लिनच्या आस्कानिशर चौकात विटांच्या बांधकामाचा एक भग्न प्रवेशभाग उभा आहे. त्यामागे फलाट नाहीत, रूळही नाहीत. आनहाल्टर रेल्वेस्थानकाचा हा अवशेष होय.

१८४१ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाला १८८० मध्ये फ्रान्झ श्वेख्टेन या वास्तुकाराने भव्य रूप दिले. फलाटांवरील साठ मीटरांहून अधिक रुंदीचे लोखंडी छत हाइनरिख झायडेल या अभियंत्याने आखले. झायडेल पुढे तो व्यवसाय सोडून कथाकार झाला. साहित्याशी या वास्तूचे नाते असे आरंभापासूनचे आहे.

दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचे हे स्थानक वाल्टर बेन्यामिनच्या बालपणाच्या आठवणींत सुटीच्या प्रवासाशी निगडित आहे. वास्तविक 'आनहाल्टर' हे नाव आनहाल्ट प्रदेशावरून आलेले. बेन्यामिन मात्र जर्मन भाषेतील 'थांबणे' या क्रियापदाचा ध्वनी त्यात ऐकतो. या आठवणी त्याने १९३० च्या दशकात, मुख्यतः निर्वासित अवस्थेत लिहिल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या श्लेषातील व्यथा उमगते. पाउल त्सेलान नोव्हेंबर १९३८ मध्ये, यहुद्यांवरील संघटित हल्ल्यांच्या वेळी, फ्रान्सला जाताना बर्लिनमधून गेला. १९६३ च्या संग्रहातील त्याच्या एका कवितेत या स्थानकाचा नामनिर्देश येतो आणि तेथे दिसलेला धूर येऊ घातलेल्या संहाराची खूण ठरतो.

१९४२ पासून येथून हजारो यहुदी, त्यांतही बहुसंख्य वृद्ध, तेरेझिएनश्टाट येथे पाठवले गेले. त्यांचे डबे नेहमीच्या प्रवासी गाड्यांनाच जोडले जात. सहलीला निघालेला आणि मृत्यूच्या दिशेने नेला जाणारा, दोघांचे वेळापत्रक एकच होते.

फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावात स्थानकाची मोठी हानी झाली. स्थानक पश्चिम बर्लिनमध्ये आणि त्याकडे येणारे मार्ग पूर्व जर्मनीच्या ताब्यात, अशा स्थितीत १९५२ मध्ये ते बंद पडले. निरुपयोगी ठरलेली वास्तू १९५९ पासून, विरोध होऊनही, पाडण्यात आली.

दार राखले गेले, फलाट गेले. ज्या जागी माणसे एकमेकांपासून तुटली, नेमकी तीच जागा नाहीशी झाली. तिची भरपाई साहित्य करते असे म्हणणे मात्र सोपे समाधान ठरेल. पाठवणीच्या याद्यांतून माणसांची नावे कळतात, त्या धुराचा अर्थ कळत नाही. कविता तो अर्थ जाणते, पण नावे सांगत नाही. या स्थानकाचा इतिहास दोन्ही एकत्र वाचल्यावाचून लिहिता येत नाही.