शब्दवेध : ड्रोन
इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. १९३५ साली ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं, वैमानिकाविना उडणारं विमान केलं. नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. अमेरिकी नौदलाने तसंच विमान करायला घेतलं, तेव्हा डेल्मर फार्नी या अधिकाऱ्याने राणीला जोड म्हणून ‘ड्रोन’ हे नाव रुजवलं, असं मानतात. नर माशीला नांगी नसते! शब्द जन्मला तेव्हा ते यंत्रही मारणारं नव्हतं, मार खाणारं होतं. नांगी पुढे फुटली. नागपुरात बनणारं ‘नागास्त्र-१’ स्फोटकांसह लक्ष्यावर झेपावतं. पण हल्ला रद्द करून ते परतही बोलावता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. मारायचं की नाही, हे यंत्राने ठरवणं मला मान्य नाही.

पारोळ्यासारख्या कापूसपट्ट्यात मात्र फवारणीसाठी ड्रोन हवाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप उतरला की विषाच्या तुषारांतून चालणं टळतं. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायचे आहेत. पारोळ्याच्या बोरी नदीकाठच्या गटांनी त्यासाठी आग्रह धरावा.