मंडळी कुणाची?

मिसूरी राज्यातलं ऑल्टेनबर्ग नकाशात शोधायला बरंच झूम करावं लागतं. सेंट लुईसहून दक्षिणेकडे दोनेक तास गाडी हाकली की पेरी कौंटीच्या टेकड्या लागतात. वस्ती जेमतेम साडेतीनशेची. कामानिमित्त सेंट लुईसला होते तेव्हा एका शनिवारी मी तिथे गेले, ती लाकडाच्या ओंडक्यांची एक झोपडी बघायला. डिसेंबर १८३९ मध्ये तिच्यात शाळा सुरू झाली. आणि एप्रिल १८४१ मध्ये तिच्यातच तो गाजलेला वाद झाला, असं गावात सांगतात. वादाचा विषय होता : आपण अजून चर्च आहोत की नाही?

हा प्रश्न पडायला आधी बरंच काही व्हावं लागलं होतं. त्याची सुरुवात ड्रेस्डेनमध्ये झाली. तिथे मार्टिन स्टेफान नावाचे पाळक होते. मूळचे मोराव्हियातले, विणकर घरातले. त्या काळात सॅक्सनीच्या सरकारी चर्चमध्ये बुद्धिवादाचं वारं होतं. प्रवचनात पाप, क्षमा यांच्यापेक्षा सदाचार आणि सुसंस्कृत वागणूक यांवर भर असे. शेजारच्या प्रशियात तर राजाने १८१७ साली ल्युथरन आणि रिफॉर्म्ड ही दोन चर्चं एकत्रच करून टाकली होती. बाहेरच्याला यात वाईट काय ते कळत नाही. पण ल्युथरनांच्या श्रद्धेप्रमाणे प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं. ते नुसतं स्मरण किंवा प्रतीक नाही. त्यावर राजाज्ञेने पडदा टाकायचा म्हणजे श्रद्धेचा गाभाच सोडायचा. स्टेफान १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाला चिकटून प्रवचन करत. अपराधाच्या भावनेने पोखरलेल्या तरुण पाळकांना त्यांच्या शब्दांनी दिलासा मिळे. हे तरुण हळूहळू त्यांचे भक्तच झाले.

स्टेफान यांच्या रात्रीच्या बैठकांवरून चौकशा सुरू झाल्या, त्यांना निलंबित करण्यात आलं. मग नोव्हेंबर १८३८ मध्ये सातशेच्या आसपास माणसं पाच जहाजांतून अमेरिकेला निघाली. शेतकरी, कारागीर, वकील, पाळक, सगळे. पैसा एका सामाईक तिजोरीत. ‘अमालिया’ हे सर्वांत लहान जहाज पन्नासवर माणसांसह समुद्रात बेपत्ता झालं.

पुढचा भाग वाचताना मला सारखं वाटत होतं, कुणीतरी ‘थांबा’ म्हणेल. कुणी म्हणालं नाही. जानेवारी १८३९ मध्ये जहाजावरच स्टेफान यांना बिशप घोषित केलं गेलं. १६ फेब्रुवारीला मिसिसिपीतून वर जाणाऱ्या ‘सेल्मा’ या आगबोटीवर लोकांनी एका प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या : धर्माच्या आणि वसाहतीच्या कारभारातही बिशपच्या आज्ञेत राहू. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. श्रद्धा, जमीन, तिजोरी, सगळं एका माणसावर टांगलेलं.

पेरी कौंटीत साडेचार हजार एकरांच्या आसपास जमीन घेतली. मायदेशाच्या आठवणीने वाड्यांना नावं दिली : ऑल्टेनबर्ग, व्हिटेनबर्ग, फ्रोना, ड्रेस्डेन. आणि मे महिन्यात सगळं कोसळलं. सेंट लुईसमध्ये पाळक लोबर यांच्या एका प्रवचनानंतर एक स्त्री त्यांच्याकडे आली आणि बिशपशी आलेल्या शरीरसंबंधांची कबुली दिली. मग आणखी स्त्रिया बोलल्या. पैशाच्या उधळपट्टीचे आरोप त्यात मिसळले. मेअखेरीस स्टेफान यांना पदावरून काढून, बहिष्कृत करून, होडीत बसवून नदीपलीकडे इलिनॉयच्या काठावर सोडण्यात आलं.

बिशप गेला, पण त्याच्या नावाने आलेली माणसं उरली. तिजोरीत खडखडाट, डोक्यावर धड छप्पर नाही, त्यात उन्हाळ्यात तापाची साथ. पुष्कळ जण दगावले. अशा वेळी माणसं पोटापाण्याचंच बघतील असं आपल्याला वाटतं. ती मात्र वेगळ्याच गोष्टीने झुरत होती. मायदेशातल्या मंडळ्या सोडून आलेले आमचे पाळक हे पाळक आहेत का? त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा का? आपण एका ढोंग्याच्या मागे आलो, तर ही देवाची मंडळी की नुसता भरकटलेला जमाव?

पहिला आवाज उठवला तो पाळकांनी नव्हे, गृहस्थांनी. कार्ल एडुआर्ड फेझे हा शिकलेला माणूस, सॅक्सनीच्या दप्तरखान्यातला. त्याने सप्टेंबर १८३९ मध्ये दोघा सोबत्यांसह निवेदन दिलं : चर्चमधला अधिकार मुळात मंडळीचा आहे, पाळकांचा नाही. ल्युथरच्याच लिखाणातून दाखल्यांची रास मांडली. पाळकांनी तेव्हा दाद दिली नाही, आणि फेझे वर्षाअखेरीस परत निघाला. वकील फ्रान्झ आडोल्फ मारबाख याने तो धागा शेवटापर्यंत ताणला : आपण चर्चच नाही, पश्चात्ताप करा आणि घरी चला.

मारबाखसमोर १८४१ मध्ये उभा राहिला कार्ल फर्डिनांड विल्हेल्म वॉल्थर. वय २९, म्हणजे साधारण माझंच. ब्रॉइन्सडॉर्फची मंडळी सोडून आल्याचा सल त्यालाही होता. आजारपणात मेव्हण्याच्या घरी पडल्या पडल्या त्याने ल्युथर आणि जुने धर्मपंडित वाचून काढले. ऑल्टेनबर्गच्या वादात त्याने आठ मुद्दे मांडले. खरी चर्च म्हणजे सर्व खऱ्या श्रद्धावंतांचा समुदाय. तो डोळ्यांना दिसत नाही. पण जिथे देवाचं वचन आणि संस्कार आहेत त्या दिसणाऱ्या मंडळीलाही, तिच्यात ढोंगी आणि चुकलेले असले तरी, चर्च म्हणणं योग्यच. म्हणजे तुमचं चर्चपण बिशपमुळे आलं नव्हतं, तेव्हा त्याच्याबरोबर जाणारही नाही. पाळक नेमायचा अधिकार तुमच्याकडेच आहे.

यातलं पुष्कळ फेझेचंच होतं. ज्याचं ऐकलं नाही त्याच्याच दाखल्यांवर पाळक तरले.

इथे मला एका मराठी शब्दाची आठवण झाली. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट बायबलात चर्चसाठी ‘मंडळी’ हाच शब्द आहे. ना इमारत, ना संस्था. ल्युथरही जर्मन भाषांतर करताना ‘किर्खं’ टाळून ‘गेमाइनं’, म्हणजे समुदाय, असंच म्हणत होता. ऑल्टेनबर्गची माणसं दोन वर्षं ज्यासाठी तळमळली, ते मराठी ख्रिस्ती माणूस बोलता बोलता म्हणून जातो.

१८४७ मध्ये शिकागोत मिसूरी सिनड स्थापन झाली. वॉल्थर तिचा पहिला अध्यक्ष. पोळलेल्या माणसांनी लिहिलेली घटना ती : मंडळ्यांच्या कारभारात सिनडने फक्त सल्ला द्यायचा, आणि मतदानात पाळकाइतकंच वजन मंडळीच्या प्रतिनिधीला.

वॉल्थर मला पूर्ण पटत नाही. यादवी युद्धाच्या काळात याच माणसाने बायबलच्या आधारे गुलामगिरीची पाठराखण केली. आणि मंडळी म्हणजे तरी कोण? मत होतं फक्त पुरुषांना. बिशपचं बिंग फुटलं ते बायकांच्या कबुलीने. मंडळीत मत द्यायची मुभा सिनडने बायकांना दिली १९६९ मध्ये. पाळकपद अजून नाही. एकशेतीस वर्षं म्हणजे, सॉफ्टवेअरच्या भाषेत, बग नोंदवणारीला लॉगिनच नाही असा प्रकार.

मारबाखने वादात बरंचसं मान्य केलं आणि तोही पुढे जर्मनीला परतला. स्टेफान नदीपलीकडेच राहिले. शेवटी इलिनॉयमधल्या हॉर्स प्रेअरी इथल्या एका लहानशा ल्युथरन मंडळीने त्यांना बोलावलं, आणि १८४६ मध्ये मरण आलं तेव्हा ते तिथले पाळक होते. बिशप नाही, मंडळीने बोलावलेले, साधे पाळक.