सोलापूर पायी, नावं वाचत

पुण्यात वाट चुकली तर मान वर करून पर्वती किंवा वेताळ टेकडी शोधायची. सोलापुरात ती सोय नाही. इथे टेकड्यांऐवजी वस्त्यांची नावं वाचत चालायचं. रिक्षातून जाताना 'जुनी मिल', 'सेटलमेंट', 'पूर्व भाग' हे नुसते थांबे असतात. पायी गेलात की लक्षात येतं, या प्रत्येक नावामागे एकच प्रश्न आहे: काम करणाऱ्या माणसाचं घर कुठे, आणि त्या घराचं दार कोणाच्या हातात?

सुरुवात जुन्या मिलपासून. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली, आणि मोरारजी गोकुळदासांची ही गिरणी सुरू झाली १८७७ साली, म्हणजे ऐन दुष्काळात. पुढे आणखी गिरण्या आल्या म्हणून ही 'जुनी' झाली. गिरणीने कामाला घरापासून तोडलं. भोंगा झाला की घर सोडायचं, भोंगा झाला की परत. आपलं 'ऑफिस टायमिंग' म्हणजे त्याच भोंग्याचं शहाणं भावंड!

दुसरं नाव सेटलमेंट. ऐकायला एखाद्या हाउसिंग सोसायटीसारखं वाटतं, नाही? ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. कैकाडी, पारधी, टकारी अशा लोकांना काटेरी तारेच्या आत वसवलं. दिवसा गिरणीत काम, पण हजेरी चुकवायची नाही आणि परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. घर होतं, पण दार सरकारच्या हातात. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून हे लोक 'विमुक्त', आणि म्हणूनच त्यांचा विमुक्त दिन १५ नाही, ३१ ऑगस्टला असतो. तार गेली, नाव मात्र राहिलं.

आता पूर्व भाग. इथे पाट्या तेलुगूत दिसू लागतात आणि कानावर मागांची खटखट येते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा हा भाग. सोलापुरी चादरीचं नाव झालं ते यांच्या हातांमुळे. अनेक घरांत खाली माग, वर संसार. आणि उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका: ओलं केलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी तासावर नाही, हजार विड्यांवर. पान आणि तंबाखू कंपनीची. जागा, उजेड, पाणी घरचं.

मंडळी, २०२० मध्ये आपण लॅपटॉप घेऊन घरी बसलो तेव्हा खुर्चीचे आणि इंटरनेटचे पैसे मागितले होते. हरकत नाही, मागायलाच हवेत. पण 'वर्क फ्रॉम होम' हा शोध आपला नाही. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. आपण त्यावर चर्चासत्रं घेऊ लागलो त्याच्या ५४ वर्षं आधी!

पण घर भाड्याचं असेल तर? घरमालकाने जा म्हटलं की छप्पर आणि कामाची जागा दोन्ही एकदमच गेलं. अक्कलकोट रस्त्याने शहराबाहेर कुंभारीपर्यंत चालत गेलात, तर याचं एक उत्तर दिसतं. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांसाठी इथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. मग शेजारी ३०,००० घरांचं रे नगर आलं. त्यातल्या १५,००० घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींनी केलं. पंतप्रधान वेगळे, पक्ष वेगळे, मागणी मात्र तीच.

घरं लहानच आहेत. नकाशावर बघितलं तर एकसारख्या चौकोनांच्या रांगा. पण ज्या बाईचा कारखाना तिच्या मांडीवर आहे, तिच्या हाती स्वतःच्या दाराची किल्ली येणं म्हणजे काय, हे त्या रांगांमधून चालल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या वेळी सोलापुरात असाल तर सिद्धेश्वर आणि भुईकोट किल्ला बघाच. पण एक सकाळ राखून ठेवा आणि रिक्षा करू नका.